गरम ताटाचे गणित

व्यावसायिक स्वयंपाकघरातील 'प्लेट वॉर्मर' : निवड, वापर आणि एक मोठा गैरसमज

उपाहारगृहात गेल्यावर ग्राहकाची जी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते, ती 'जेवण गार आहे' ही होय. मालक आचाऱ्याकडे बोट दाखवतो, आचारी वाढप्याकडे, आणि वाढपी वातानुकूलन यंत्राकडे. वस्तुतः तिघांचेही म्हणणे काही अंशी खरे असते. आचाऱ्याने पदार्थ कढईतून उतरवला तेव्हा तो वाफाळत होता आणि वाढप्यानेही फारसा वेळ दवडलेला नव्हता. तरीही टेबलावर पोहोचलेली भाजी कोमट झाली, याला कारणीभूत असलेला चौथा घटक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो घटक म्हणजे ज्या थंडगार, जाडजूड चिनी मातीच्या ताटलीत पदार्थ वाढला गेला, ती ताटलीच.

या समस्येवरील उपाय म्हणजे ताटल्या आधी गरम करून ठेवणारे यंत्र, अर्थात 'प्लेट वॉर्मर'. मोठ्या तारांकित हॉटेलांच्या भटारखान्यात ते असतेच. आता मध्यम आकाराची उपाहारगृहे, क्लब, कंपन्यांची कॅन्टीन, रुग्णालये आणि मंगल कार्यालयेही त्याची खरेदी करू लागली आहेत. तथापि हे यंत्र नेमके कशासाठी आहे, कोणत्या प्रकारचे घ्यावे, ते कसे वापरावे आणि मुख्य म्हणजे ते कशासाठी वापरू नये, याविषयी पुरेशी स्पष्टता नसते. परिणामी काही ठिकाणी ते महागडे कपाट होऊन बसते, तर काही ठिकाणी चक्क धोक्याचे ठरते.

उष्णता जाते कुठे?

शालेय पदार्थविज्ञानात आपण शिकलेला 'विशिष्ट उष्मा' येथे उपयोगी पडतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण एक पंचमांशाहून थोडी अधिक उष्णता एक ग्रॅम चिनी मातीला लागते. म्हणजे 700 ग्रॅम वजनाची जेवणाची मोठी प्लेट उष्णता शोषण्याच्या बाबतीत सुमारे 150 ग्रॅम पाण्याच्या बरोबरीची असते. दुसरीकडे, 300 ग्रॅम भात आणि आमटी ही जवळजवळ 260 ग्रॅम पाण्याइतकी धरता येईल.

आता हिशेब मांडू. 75 अंश सेल्सिअसचा पदार्थ 25 अंशांच्या प्लेटमध्ये वाढला आणि दोघांचे तापमान समान झाले, तर ते सुमारे 57 अंशांवर येते. म्हणजे वाऱ्याची झुळूकही न लागता 18 अंश केवळ प्लेटने गिळंकृत केले. तीच प्लेट आधी 60 अंशांवर तापवलेली असेल, तर पदार्थ 69 ते 70 अंशांवर राहतो. प्रत्यक्षात प्लेटची कड उशिरा तापते, पदार्थाचा वरचा थर हवेत निवतो, त्यामुळे आकडे थोडे पुढेमागे होतील. परंतु फरकाचे प्रमाण एवढेच मोठे असते. पदार्थ जितका कमी आणि प्लेट जितकी मोठी, तितके नुकसान अधिक. भव्य पांढऱ्या प्लेटच्या मध्यभागी चार घास मांडण्याची जी पद्धत आली आहे, तिला गरम प्लेटची गरज सर्वाधिक भासते ती यामुळेच.

हाच हिशेब आपल्या स्टीलच्या ताटाला लावला, तर निष्कर्ष निराळा निघतो. 400 ग्रॅम वजनाचे स्टीलचे ताट केवळ 50 ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता शोषते. वरच्याच उदाहरणातील भात-आमटी अशा ताटात वाढली, तर ती 67 अंशांच्या आसपास राहते. म्हणजे पहिल्या क्षणीचे नुकसान अगदी मर्यादित असते. स्टील हाताला गार लागते खरे, परंतु ते त्याच्या उष्णता वाहून नेण्याच्या गुणामुळे. त्याची भूक मात्र लहान असते. केळीच्या पानाचे तर विचारायलाच नको, कारण अन्न टेकते तेवढाच पातळ तुकडा तापावा लागतो. सारांश, ताट गरम करण्याची गरज ही मुख्यतः जड चिनी मातीच्या भांड्यांबरोबर आलेली आहे. थाळी देणाऱ्या खानावळीने स्टीलची ताटे तापवण्यासाठी यंत्र विकत घेणे हा बहुधा अनाठायी खर्च ठरेल.

उष्णता आणि चव

गरम वाढण्याचा आग्रह हा केवळ शिष्टाचार नव्हे. अन्नाचा वास म्हणजे त्यातून उडणारी सुगंधी द्रव्ये, आणि ती गरम पदार्थातून अधिक उडतात. ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा वस्तुतः वासाचाच असतो. शिवाय जिभेवरील गोड, कडू आणि 'उमामी' या चवी मेंदूपर्यंत पोहोचवण्यात भाग घेणारे 'टीआरपीएम-5' नावाचे प्रथिन तापमानानुसार कमी-अधिक कार्यक्षम होते, असे 2005 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. थंड पदार्थ फिका लागतो, यामागे असे शारीरिक कारण आहे.

तिसरे कारण स्निग्ध पदार्थांचे. मटणाची चरबी साधारण 45 ते 50 अंशांच्या दरम्यान गोठू लागते. त्यामुळे झणझणीत तांबडा रस्सा थंड प्लेटमध्ये आला की काही मिनिटांतच त्यावर पांढुरकी साय धरते, प्लेटच्या कडेला मेणासारखा थर चिकटतो आणि टाळूला तेलकटपणा जाणवतो. साजूक तूप त्यापेक्षा कमी तापमानाला घट्ट होते, परंतु 22 अंशांच्या वातानुकूलित दालनात पुरणपोळीवरचे तूपही थिजतेच. अशा पदार्थांना गरम ताटली मिळणे ही चैन नसून चवीची गरज आहे.

पंगतीपासून बुफेपर्यंत

या गरजेला इतिहासही आहे. 18व्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांत बरेच अंतर असे. म्हणून ताटल्या ठेवलेले पत्र्याचे किंवा लोखंडी कपाट शेकोटीसमोर, उघडी बाजू आगीकडे करून ठेवले जाई. दुहेरी तळाच्या, आत गरम पाणी भरायच्या ताटल्याही प्रचारात होत्या. चिनी कारागीर अशा पोकळ ताटल्या युरोपातील गिऱ्हाइकांसाठी तयार करीत. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बंगल्यांतही बावर्चीखाना मुख्य इमारतीपासून वेगळा असल्याने त्यांचा उपयोग होई. पुढे 19व्या शतकात युरोपात एकाच वेळी सारे पदार्थ मेजावर मांडण्याची जुनी फ्रेंच रीत मागे पडली आणि एकामागून एक पदार्थ गरमागरम आणून वाढण्याची 'रशियन पद्धत' रूढ झाली. आजच्या उपाहारगृहांतील 'कोर्स'ची कल्पना तिच्यातूनच आली. प्रत्येक कोर्सला नवी प्लेट म्हटल्यावर ती गरम असणेही ओघाने आलेच.

आपल्याकडे हा प्रश्न पंगतीने वेगळ्या रीतीने सोडवला होता. तेथे ताट तापवले जात नसे, तर पदार्थच थोडा थोडा, वारंवार आणला जाई. वाढपी दोन डाव भात वाढून पुढे जाई आणि पुन्हा येई तेव्हा पातेल्यातील भात वाफाळतच असे. उष्णतेचा साठा ताटात नव्हे, तर मोठ्या पातेल्यात राही, आणि मोठे पातेले हळू निवते. बुफे पद्धत आल्यावर हे चक्र मोडले. पाहुणा रांगेत उभा राहून एकदाच सगळे वाढून घेतो, बसायला जागा शोधतो, वाटेत चार जणांशी बोलतो आणि मग पहिला घास घेतो. पंगतीतला पदार्थ पातेल्यात गरम राहत असे, बुफेतला मात्र ताटातच गरम राहावा लागतो. मंगल कार्यालयांना प्लेट वॉर्मरची आठवण होऊ लागली, ती या बदलामुळे.

यंत्रांचे प्रकार

बाजारात या नावाखाली विविध यंत्रे विकली जातात आणि त्यांची कामे भिन्न असतात. पहिला प्रकार कपाटाचा, ज्याला भटारखान्यात 'हॉट केस' किंवा 'हॉट कपबोर्ड' म्हणतात. स्टीलचे दुहेरी भिंतींचे कपाट, आत जाळीचे कप्पे, खाली विजेचे हीटर आणि तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट अशी त्याची रचना असते. पुष्कळदा त्याचाच माथा 'पिकअप काउंटर' म्हणून वापरता येतो, त्यामुळे जागेची बचत होते. काही कपाटांत गरम हवा खेळवणारा पंखा असतो. तो असल्यास प्लेट लवकर आणि सारख्या तापतात.

दुसरा प्रकार उभ्या नळीचा, म्हणजे 'प्लेट डिस्पेन्सर'. स्प्रिंगवर टेकलेली प्लेटची चळत त्या नळीत बसते आणि वरची प्लेट उचलली की खालची आपोआप वर येते. वाकावे लागत नाही, दार उघडावे लागत नाही आणि चाके असल्याने यंत्र हवे तेथे ढकलता येते. बुफे, मोठी कॅन्टीन आणि मेजवान्या यांना हा प्रकार सोयीचा पडतो. मात्र नळीचा व्यास प्लेटच्या व्यासाशी जुळावा लागतो. स्प्रिंगचा ताणही प्लेटच्या वजनानुसार बसवावा लागतो. तो बसवला नाही, तर चळत आत रुतून बसते किंवा उसळून वर येते.

तिसरा प्रकार खणाचा. कमी आसनांच्या उपाहारगृहांत काउंटरखाली ओढून काढायचे एक-दोन तापणारे खण पुरेसे होतात. चौथा प्रकार म्हणजे पिकअप काउंटरवर टांगलेले 'हीट लॅम्प'. हे दिवे वाढलेल्या प्लेटला, वाढपी येईपर्यंतची दोन-चार मिनिटे, वरून ऊब देतात. परंतु ते प्लेट तापवण्याचे साधन नाही. त्यांच्याखाली पदार्थ अधिक वेळ राहिला तर वरचा थर वाळतो आणि तळ गारच राहतो.

रुग्णालयांची गरज याहून वेगळी असते. तेथे एकाच स्वयंपाकघरातून अनेक मजल्यांवर ताटे जातात आणि रुग्ण जेवायला लागेपर्यंत बराच वेळ लोटतो. अशा ठिकाणी तापवलेली चकती बसवलेला तळ, त्यावर गरम प्लेट आणि वर उष्णतारोधक झाकण असा तिहेरी बंदोबस्त केला जातो. केवळ प्लेट तापवून तेथे भागत नाही.

निवड कशी करावी?

विक्रेत्याचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी मालकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गर्दीच्या एका तासात किती प्लेट लागतात? त्या कोणत्या मापाच्या आणि कशाच्या आहेत? प्लेट भरली जाते, ती जागा नेमकी कोणती? या तीन उत्तरांवरून यंत्राचा आकार, प्रकार आणि स्थान ठरते.

यंत्राची धारणक्षमता एकूण आसनांवरून नव्हे, तर गर्दीच्या काळातील प्लेटच्या फेऱ्यांवरून ठरवावी. धुवून, पुसून परत आलेल्या थंड प्लेट गरम व्हायला वेळ लागतो. तेव्हा एका तासाला शंभर प्लेट लागत असतील, तर निदान तेवढ्या एकाच वेळी आत मावल्या पाहिजेत. माहितीपत्रकातील आकडा कोणत्या व्यासाच्या प्लेटसाठी आहे, तेही तपासावे. 9 इंची प्लेटसाठी मोजलेली क्षमता 11 इंची प्लेटला लागू पडत नाही.

विजेचा हिशेबही सोपा आहे. वर सांगितलेल्या मापाच्या शंभर प्लेट 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट वीज लागते. म्हणजे एक किलोवॉटच्या हीटरला, थोडीही उष्णता वाया न जाता, 37 मिनिटे लागतील. प्रत्यक्षात कपाटाचा पत्रा तापतो, दार उघडले जाते, चळतीच्या मधल्या प्लेटपर्यंत ऊब उशिरा पोहोचते. त्यामुळे तासाहून अधिक वेळ धरावा. 'पाच मिनिटांत प्लेट गरम' असा दावा कोणी केला, तर किती प्लेट आणि किती अंश, एवढेच विचारावे. एकदा यंत्र तापल्यावर ते गरम ठेवायला वीज कमी लागते, बशर्ते की भिंतींत चांगले उष्णतारोधक अस्तर असेल. स्वस्त यंत्रात नेमकी याच अस्तराची काटकसर केलेली असते. यंत्र सुरू असताना बाहेरच्या पत्र्याला हात लावून पाहिले, तर अस्तराची कल्पना येते. बाहेरून चटका बसत असेल, तर आपण प्लेटऐवजी भटारखाना तापवण्याचे पैसे भरत आहोत, असे समजावे.

थर्मोस्टॅटवर केवळ 1 ते 6 असे आकडे नसून अंश लिहिलेले असावेत आणि आतले तापमान दाखवणारा काटा किंवा पडदा असावा. व्यावसायिक वापराच्या अन्न व भांडी गरम ठेवणाऱ्या विद्युत उपकरणांसाठी 'आयईसी 60335-2-49' हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे. यंत्र त्यास अनुसरून आहे का, हे विक्रेत्याला विचारता येते. भटारखान्यात जमीन ओली असते, म्हणून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी या गोष्टी ऐच्छिक मानू नयेत. मंगल कार्यालयात जनरेटरवर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे आधीच असतात. त्यात दोन-तीन वॉर्मरची भर पडली तर भार झेपेल का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

यंत्राची जागा ही बाब सर्वांत दुर्लक्षित, परंतु सर्वांत महत्त्वाची. 60 अंशांची प्लेट बाहेर काढून ओट्यावर ठेवली, की तिचे तापमान सुरुवातीला मिनिटाला साधारण तीन अंशांनी घसरते. दहा मिनिटांत ती 40 अंशांच्या खाली येते, म्हणजे तापवून मिळवलेले निम्म्याहून अधिक वाया जाते. म्हणून प्लेट वॉर्मर प्लेट भरणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर हवे. भांडी धुण्याच्या मोरीजवळ किंवा कोठीत जागा शिल्लक आहे म्हणून तेथे ठेवलेले यंत्र बिल वाढवते, दुसरे काही करत नाही. गर्दीच्या आधी वीस प्लेट काढून ओळीने मांडून ठेवण्याची सवयही याच कारणाने मोडली पाहिजे.

वापराचे काही नियम

जेवणाची वेळ सुरू होण्याच्या तास-दीड तास आधी यंत्र सुरू करावे. चिनी मातीच्या प्लेटसाठी 60 ते 65 अंश पुरेसे असतात. त्याहून अधिक तापमानाला ग्राहकाचे आणि वाढप्याचे हात पोळतात. शिवाय अतितप्त प्लेटवर रस्सा कडेने करपतो, अंड्याचे पदार्थ शिजत राहतात आणि सॉस फाटतात. धातूची ताटे तापवायचीच असतील, तर तापमान आणखी कमी ठेवावे, कारण तितक्याच तापमानाचा धातू चिनी मातीपेक्षा त्वचेला लवकर भाजतो. वाढप्याला कोरडे, जाड फडके द्यावे. ओले फडके उष्णता झटकन पार करते आणि तेच भाजण्याचे नेहमीचे कारण असते. 'प्लेट गरम आहे' हे ग्राहकाला सांगणे हाही कामाचाच भाग मानावा. मुले असलेल्या टेबलावर तर ते विसरू नये.

प्लेट पूर्ण कोरडी करूनच आत ठेवावी. ओल्या प्लेटमुळे कपाटात दमटपणा साचतो, कुबट वास येतो आणि ऊब अधिक दमटपणा हे जंतूंना मानवणारे हवामान तयार होते. खूप थंड प्लेट एकदम कडक तापलेल्या जागी ठेवली, किंवा गरम प्लेटवर गार पाणी ओतले, तर तडा जाण्याची भीती असते. चकाकीच्या थरात केसासारख्या भेगा पडलेल्या प्लेट बाद कराव्यात, कारण त्या भेगांत अन्नाचा अंश शिरतो आणि तो घासून निघत नाही. मेलामाइनच्या प्लेट वॉर्मरमध्ये मुळीच ठेवू नयेत. हे प्लॅस्टिक दिसायला चिनी मातीसारखे असले, तरी वारंवार तापवल्यास खराब होते आणि त्यातील घटक अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते.

सगळ्याच पदार्थांना गरम प्लेट चालत नाही, हेही आचाऱ्याला सांगावे लागते. कोशिंबीर, श्रीखंड, सोलकढी यांची भांडी वेगळी आणि थंडच हवीत. भाकरी, फुलका आणि पुरी यांच्याखालची तप्त प्लेट वाफ कोंडून त्यांना ओलसर करते. तळलेल्या पदार्थांखाली जाळी किंवा कागद हवा.

स्वच्छतेच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. ऊब आणि अंधार ही झुरळांची आवडती जागा. रात्री यंत्र बंद झाल्यावर त्याच्या तळाशी आणि हीटरमागच्या पोकळीत ती आश्रय घेतात. म्हणून रोज रात्री यंत्र रिकामे करून, वीज तोडून, थंड झाल्यावर आतून पुसावे. आठवड्यातून एकदा जागचे हलवून खालची जमीन धुवावी. यंत्र घेतानाच ते चाकांवर असेल, तर हे काम टाळले जात नाही.

सर्वांत मोठा गैरसमज

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्लेट वॉर्मरमध्ये प्लेट ठेवतात, तसे अन्नही ठेवता येईल, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. दुपारचा उरलेला भात, डाळीचे पातेले, संध्याकाळच्या पार्सलचे डबे सर्रास या कपाटात सरकवले जातात. आत हात घातला की ऊब लागते, म्हणून अन्न सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात धोका तेथेच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांनुसार 5 ते 60 अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा होय. या पट्ट्यात जंतू वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर ठेवावे आणि सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये, असे ती सांगते. निरनिराळ्या देशांच्या नियमांत हा आकडा थोडा बदलतो. ब्रिटनमध्ये 63 अंश, तर अमेरिकेच्या अन्न संहितेत 57 अंश आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची केटरिंग व्यवसायासाठीची तपासणी यादी अधिक कडक असून, गरम वाढायचे अन्न 65 अंशांवर आणि मांसाहारी अन्न 70 अंशांवर ठेवावे, असे तीत नमूद आहे.

प्लेट वॉर्मर 60 अंशांवर लावलेले असते तेव्हा आतली हवा 60 अंशांची असते, अन्न नव्हे. हवा उष्णता फार संथपणे देते. फ्रीजमधून काढलेले डाळीचे पातेले त्या हवेत ठेवले, तर ते तासन् तास 20, 30, 40 अंश अशा पायऱ्या चढत राहते. म्हणजे जंतूंना सर्वाधिक मानवणाऱ्या पट्ट्यातून अन्नाची संथ मिरवणूकच निघते. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स' हा सामुदायिक भोजनातील विषबाधेचा एक नेहमीचा गुन्हेगार. मांसाचे रस्से आणि डाळी यांच्या मोठ्या पातेल्यांत तो वाढतो. 43 ते 47 अंश हे त्याचे लाडके तापमान असून, अनुकूल परिस्थितीत तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. या वेगाने तीन तासांत एका जंतूचे अडीच लाखांहून अधिक होतात. भातात आढळणाऱ्या 'बॅसिलस सीरियस' या जंतूची बीजे शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि वांती घडवणारे विष निर्माण करतात. हे विष नंतर कडकडीत गरम केले तरी नष्ट होत नाही. 'पुन्हा उकळले की झाले' हा आपला भरवसा येथे साफ फसतो. आणि असे अन्न बहुधा वासाला, चवीला चांगलेच असते, हे त्याहून गंभीर.

अन्न गरम ठेवण्यासाठी वेगळे साधन आहे. त्याचे नाव 'बेन मरी'. प्राचीन अलेक्झांड्रियातील मारिया नावाच्या किमयागार स्त्रीवरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. या यंत्रात गरम पाण्याच्या टाकीत पदार्थांची भांडी बसवलेली असतात आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पोहोचवते. मात्र तेही गरम अन्न गरम ठेवण्यासाठीच आहे, थंड अन्न तापवण्यासाठी नव्हे. अन्न आधी चुलीवर, मध्यभागापर्यंत 70 अंशांच्या वर कडक तापवून मगच बेन मरीत ठेवावे. टाकीतले पाणी आधीच गरम असावे, भांड्याच्या तळाला टेकेल इतके भरलेले असावे आणि भांड्यावर झाकण असावे. मोकळ्या लॉनवरच्या बुफेत चाफिंग डिशखालची इंधनाची लहानशी ज्योत वाऱ्याने हेलकावत असते. तिच्या भरवशावर तीन तास अन्न सोडणे जोखमीचे आहे. तेथे एकाच वेळी मोठे भांडे भरण्याऐवजी थोडे थोडे अन्न, दर अर्ध्या तासाला, आतल्या कडक गरम पातेल्यातून आणणे बरे. पंगतीचे जुने शहाणपण येथे पुन्हा कामी येते.

या सगळ्यावर नजर ठेवणारे साधन अगदी लहान आहे, ते म्हणजे टोकदार सळीचा अन्न-थर्मामीटर. प्लेट वॉर्मरच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य असते. सळी स्वच्छ पुसून पदार्थाच्या मध्यभागी खुपसायची आणि आकडा वहीत लिहायचा, एवढेच काम. आचाऱ्याचा बोटाचा अंदाज कितीही अनुभवी असला, तरी 50 आणि 62 अंशांतला फरक बोटाला कळत नाही. कळत नाही तो फरकच येथे निर्णायक असतो.

यजमानांनी काय पाहावे?

लग्नाचे, मुंजीचे किंवा सोसायटीच्या स्नेहभोजनाचे काम केटररला देताना आपण पदार्थांची यादी आणि ताटाचा दर यांवर तासभर घासाघीस करतो. त्यात आणखी काही प्रश्नांची भर घालायला हरकत नाही. अन्न कुठे शिजणार आणि कार्यालयात किती वेळाने पोहोचणार? वाटेत ते कशात ठेवणार? बुफेवर वाढपाला सुरुवात झाल्यापासून शेवटच्या पाहुण्यापर्यंत किती तास जातील? तोवर तापमान मोजणार कोण? केटररकडे प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी आहे का? उत्तरे टाळली गेली, तर गरम ताटल्यांची चळत पाहून भुलण्याचे कारण नाही.

उपाहारगृहाच्या मालकांनीही खरेदीचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम थर्मामीटर, मग अन्न गरम ठेवण्याची पुरेशी व्यवस्था, आणि ती झाल्यावर प्लेट वॉर्मर. हा क्रम उलटला, की ताटे गरम आणि अन्न कोमट, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. प्लेट वॉर्मर हे उत्तम यंत्र आहे. आचाऱ्याने साधलेली चव शेवटच्या पंधरा पावलांत हरवू न देणे, एवढे एकच काम ते करते आणि ते काम चोख करते. आधी बिघडलेले अन्न सुधारणे किंवा निवलेले अन्न सुरक्षित करणे त्याच्या आवाक्यातले नाही. त्याच्याकडून तेवढेच काम घेतले, तर ग्राहकाची तक्रारही मिटेल आणि त्याच्या आरोग्याशी खेळही होणार नाही.